लेकींचा पूल

सभामंडप हा शब्द आमच्या हॉलमध्ये कुणी काढला, की मी आधी गॅस बारीक करते. चहा उकळून उतू जाईल, पण आमच्या ह्यांचं बोलणं संपायचं नाही. हे म्हणजे माझे यजमान. आमदार आहेत. कोणत्या पक्षाचे, कोणत्या मतदारसंघाचे ते सोडा. नाशिकला चिकटून असलेली काही गावं, थोडं शहर आणि मधली कारखान्यांची पट्टी, एवढं समजलं तरी पुष्कळ. रोज सकाळी आमच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, गावोगावचे लोक येऊन बसतात आणि त्यातल्या निम्म्यांना तरी सभामंडप हवा असतो.

"साहेब, देवळापुढं सभामंडप बांधून द्या."

"देव कुणाचा?"

"आमच्या गावचा, साहेब."

"मग मंडपही गावाचाच होऊ द्या की! वर्गणी काढा, पहिली पावती माझ्या नावानं फाडा. सरकारी पैसा म्हणजे काय आकाशातून पडतो का? कुणाच्या तरी खिशातून काढलेला असतो तो. मागायचाच तर रस्ता मागा, पाण्याची टाकी मागा, ट्रान्सफॉर्मर मागा. मिळाला नाही तर माझी कॉलर धरा."

लोक मान डोलवतात आणि बाहेर पायरीवर चपला घालताना एकमेकांकडे बघतात. ते बघणं मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, ह्यांना दिसत नाही. मग मी आत भांडी आपटते. कामवाल्या बाई म्हणतात, वहिनी, भांड्यांनी काय केलं?

ह्यांचं म्हणणं थोडक्यात असं. सरकारनं रस्ता द्यावा, पाणी द्यावं, वीज द्यावी आणि बाजूला व्हावं. चौकात पेव्हर ब्लॉक दिसले की ह्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "गावात गटार नाही आणि चौकात टाइल! अंगात बनियन नाही आणि डोक्याला फेटा!" कांद्याला जरा बरा भाव आला की दिल्लीत कुणाला तरी घाम फुटतो आणि निर्यातीला कुलूप लागतं, त्या दिवशी तर ह्यांच्याशी बोलायची सोय नसते. "देवळा तालुक्यातल्या शेतकऱ्यानं चार महिने चाळीत कांदा सांभाळायचा आणि दिल्लीवाल्यांनी एका कागदानं त्याचं वाटोळं करायचं. अरे, तुम्ही पेरलाय का तो?" स्वतःच्या विहिरीवर मोटर बसवायला माणसाला टेबलामागून टेबल फिरावं लागतं, याची तर त्यांना चीडच आहे. विधानसभेतही हेच बोलतात. तेव्हा त्यांच्याच पक्षाची मंडळी मोबाइल काढून बसतात, ते मी टीव्हीवर पाहिलंय. सध्या कुंभाच्या कामांसाठी सगळं नाशिक खोदून ठेवलंय. हे गाडीतून जाताना काच खाली करून खड्ड्यात डोकावतात, आधी खाली पाइप टाकलाय की नुसतंच वरून डांबर ओततायत ते बघायला. मागून हॉर्नचा नुसता गोंधळ.

मला हे सगळं पटतं. खोटं कशाला बोलू? एवढा सरळ माणूस राजकारणात दिवा घेऊन शोधावा लागेल. पण सरळ माणसाबरोबर संसार करताना जीव किती अस्वस्थ राहतो, ते मला विचारा. त्यांना झोप छान लागते. येरझारा मी घालते.

त्यातून त्यांचा एक नियम असा, की नातेवाइकांच्या गावाला आमदार निधीतला खडीचा एक दगडसुद्धा जाणार नाही. पहिल्यांदा निवडून आले त्या दिवशीच त्यांनी हे सांगून टाकलं आणि सगळ्यात आधी कुऱ्हाड पडली ती माझ्या माहेरावर. माझं माहेर त्यांच्याच मतदारसंघात आहे. नाशिकहून अर्ध्या तासाचा रस्ता. झेंडू, शेवंती, कोथिंबीर, टोमॅटो, सगळा माल शहराच्या बाजारात. गाव एका काठाला आणि मळे दुसऱ्या काठाला, मधे नाला. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की मळ्यातल्या लोकांनी माल डोक्यावर घ्यायचा, कमरेइतक्या पाण्यातून अलीकडे आणायचा आणि मग गाडीत भरायचा. माझा धाकटा भाऊ पलीकडच्या मळ्यात राहतो. त्याच्या शेजारीच, नाल्याच्या जरा वरच्या अंगाला, आमच्या चुलतभावाचा मळा आहे. चुलतभाऊ अंबडच्या कारखान्यात पाळीवर असतो; शेत सगळं त्याची बायको, म्हणजे माझी चुलत वहिनी बघते.

परवाच्या नाही, त्याच्या आदल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळून झालं, भाऊ फराळाला बसला आणि ह्यांना म्हणाला, "दाजी, नाल्यावर एक मोरी टाकून द्या ना. फार मोठी नको. पाइप टाकायचे, वरून स्लॅब. गाडी मळ्यापर्यंत आली पाहिजे, बस."

हे म्हणाले, "तू माझा मेहुणा नसतास, तर उद्याच पत्र दिलं असतं."

"म्हणजे तुमच्या बायकोचा भाऊ झालो, हा माझा गुन्हा का?"

"गुन्हा नाही रे. पण शिक्षा तुलाच आहे, त्याला इलाज नाही."

भाऊ हसला, पण ताटातली करंजी त्यानं तशीच ठेवली. तो गेल्यावर मी ह्यांना फाडून खाल्लं. म्हटलं, अहो, पलीकडे काय एकटा माझाच भाऊ राहतो का? पाणी काय नातं विचारून चढतं का? हे शांतपणे म्हणाले, "उद्या लोक म्हणतील, बायकोच्या माहेरी पूल बांधला. त्यानंतर मी कुणाला कशाच्या तोंडानं नाही म्हणू?" मी रात्रभर तळमळले आणि हे घोरत होते.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. हल्ली गावोगाव एक नवीन टूम निघालीय. गावच्या झाडून साऱ्या लेकींचा मेळावा भरवायचा. मोबाइलवर ग्रुप, सगळ्यांच्या एका रंगाच्या साड्या, डीजे, जेवणावळ, आणि लेकींनी वर्गणी काढून गावाला काहीतरी द्यायचं. कुठे चांदीची पालखी, कुठे वेशीला कमान. आमच्या गावच्या ग्रुपची अध्यक्ष मी. माझं कर्तृत्व काय, तर नवरा आमदार.

बैठकीत सगळ्या पालखी पालखी करत होत्या. मी उठून म्हटलं, "बायांनो, देवाला पालखी आहे. पालखी नेणाऱ्यांना वाट नाही. नाल्यावर पूल बांधू." आमच्या देवाची पालखी वर्षातून एकदा पलीकडच्या मळ्यात जाते आणि खांदेकरी पाण्यातून धडपडत ती नेतात, हे सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. टाळ्याच पडल्या. त्या दिवशी मी इतकी खूश होते, की घरी येताना गाडीत गाणं म्हणत होते.

आणि हे? हे तर हवेत! "अगं, इतकी वर्षं मी घसा कोरडा करून दुसरं काय सांगतोय? लोकांनी मनावर घेतलं तर सरकारची गरजच काय?" त्यांनी लगेच स्वतःची वर्गणी दिली, जावई म्हणून.

आमच्यातली एक लेक शिक्षिका आहे. तिनं ग्रुपवर विचारलं, की नाल्यावर बांधायचं तर कुणाची ना-हरकत वगैरे लागत नाही का? मी जेवताना ह्यांना तेच विचारलं. हे हातातला घास खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही पैसा तुमचा घालताय, गाव तुमचं, नाला तुमचा. कशाला कुणाच्या दारात उभ्या राहताय? एकदा अर्ज केलात, की मोजणी म्हणतील, तांत्रिक मान्यता म्हणतील, तोवर तुमच्या लेकी आज्या होतील. आपल्या आजोबांनी विहिरी काय परवानग्या घेऊन खणल्या?" मला ते इतकं पटलं, की मी तोच मजकूर जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. खाली अंगठेच अंगठे.

पूल कुठे बांधायचा यावर चर्चा झालीच नाही. पालखी देवळातून निघाली की नाला ओलांडेपर्यंत वळत नाही, असा आमच्या गावचा रिवाज आहे. माणसं रोज जातात ती वाट खालच्या अंगाला आहे, तिथे नाला पसरट आणि पाणी उथळ. पालखीची वाट मात्र देवळाच्या दारासमोर, नाला जिथे अरुंद आणि खोल आहे तिथून. देवाचा पूल म्हटल्यावर तो देवाच्या वाटेवर नको का? अरुंद जागा म्हणून खर्चही कमी. मिस्त्रीनं पाइप टाकले, स्लॅब ओतला, पाऊस लागायच्या आत काम झालं. नारळ फुटला. पहिली गाडी भावाची गेली. भाऊ स्टेअरिंगवर बसून लहान पोरासारखा हॉर्न वाजवत पलीकडे गेला आणि परत आला आणि पुन्हा गेला. मला म्हणाला, "ताई, लय मोठं काम केलं तू." त्या दिवशी त्याला बघून माझं पोट भरलं. जेवायची आठवणच राहिली नाही.

एक गोष्ट तेव्हा कुणालाच खटकली नाही. सगळा मान लेकींचा होता, म्हणून सुनांची वर्गणीच घेतली नव्हती. लेकी तर लग्न होऊन कुणी सिन्नरला, कुणी पुण्याला, कुणी ठाण्याला. गावात राहणार सुना, त्या नाल्याशी रोज गाठ पडणार ती सुनांची. आणि मेळाव्याच्या दिवशी सुना काय करत होत्या, तर आम्हाला पुरणपोळी वाढत होत्या.

पावसाळाभर मोरी छान चालली. ह्यांना तर भाषणाला विषयच मिळाला. कुठेही जा, "माझ्या सासुरवाडीच्या लेकींनी सरकारचा एक पैसा न घेता, एकही दाखला न काढता पूल उभा केला. आता सांगा, आपल्याला एवढे नियम हवेत कशाला?" टाळ्या! मुंबईला सभागृहातसुद्धा बोलून आले. हॉलमध्ये कुणी सभामंडप मागितला, की म्हणायचे, "आधी माझ्या सासुरवाडीला जाऊन पूल बघून या." मी आत पोळ्या लाटत ऐकायचे. अभिमान वाटायचा, आणि का कोण जाणे, जरा भीतीही वाटायची. एवढं कौतुक बरं नाही, असं आपलं उगीच.

मग द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्या. नाल्याच्या वरच्या बाजूला सगळ्या द्राक्षबागा. छाटलेल्या काड्या लोक वर्षानुवर्षं नाल्यात लोटून देतात, पाणी आलं की त्या वाहून जातात. या वेळी त्या वाहत आल्या आणि आमच्या पाइपांच्या तोंडाशी अडकल्या. वर वाफ्यांवर अंथरायचा मल्चिंगचा फाटका प्लॅस्टिक कागद येऊन चिकटला. बूच बसल्यासारखं झालं. त्यात परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली आणि नाल्याचं पाणी मागे फिरून चुलत वहिनीच्या टोमॅटोत शिरलं.

ती सकाळी आमच्या हॉलमध्ये येऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मी चहाचा ट्रे घेऊन गेले आणि तिला बघून थबकले. म्हटलं, "अहो वहिनी, इथे काय बसलात? आत या ना."

"नको ताई. मी कामानं आले," ती म्हणाली. पायांना घोट्यापर्यंत चिखल वाळलेला. नंबर आल्यावर ती उभी राहिली आणि ह्यांना सगळं सांगितलं. माझ्या भावानं काड्या दोनदा काढल्या, पण दुसऱ्या सरीला पुन्हा तुंबलं. वरच्या बागवाल्यांना सांगून झालं, ते म्हणतात, आम्ही काय आजच टाकतो का? खालचं अर्धं शेत गेलं. वरचं अर्धं अजून उभं आहे, तोडणीला आलंय, पण आणखी एक मोठा पाऊस झाला तर तेही जाईल.

ह्यांनी सवयीनं विचारलं, "मग गावानं काय केलं?"

"गावानंच तर केलं, साहेब."

हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. ती पुढे म्हणाली, "सरकारनं बांधला असता ना, तर सरकारला शिव्या घातल्या असत्या. तुमच्याकडं मोर्चा आणला असता, कोर्टात गेले असते. आता कुणाला बोलू? पुलावर माहेरवाशिणींची नावं हायेत. त्यांना बोलले, तर गाव मलाच म्हणल, सून असून लेकींचं चांगलं बघवत नाय."

मी म्हटलं, "वहिनी, बांधतानाच बोलायचं होतं ना!"

"मला कुणी विचारलंच नाय, ताई."

ती रागावून बोलली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते, त्यात मी काही कमी नाही. पण ती नुसतं सांगत होती. मी चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवून दिला.

लोक गेल्यावर मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "ना-हरकत म्हणजे काय हो?"

"आता हे काय काढलंस?"

"सांगा ना. तुमची हरकत आहे का, असं कुणाला तरी जाऊन विचारायचं, एवढंच ना? ते विचारूच नका म्हणालात तुम्ही."

"त्याला सात टेबलं लागत नाहीत. तिला एकटीला जाऊन विचारलं असतं तरी पुरलं असतं."

"मग आम्हाला तसं का नाही सांगितलंत? तुम्ही टेबलांना शिव्या देत बसलात आणि आम्ही टाळ्या वाजवत बसलो!"

हे म्हणाले, की मोरी काढायची तर रीतसर खात्याला कळवावं लागेल, खातं पाहणी करेल, नोटीस काढेल, मुदत देईल. मी हसायलाच लागले. बांधायला काही लागलं नाही आणि तोडायला सगळं लागतंय! हे उठून आतल्या खोलीत गेले.

मी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली आणि तडक माहेर गाठलं. वहिनीच्या शेतात खालच्या बाजूला टोमॅटोचे वेल तारांवर काळे पडून लोंबत होते. खाली नुसता चिखल आणि कुजका वास. वरच्या बाजूला लाल-केशरी फळांनी वेल वाकलेले. मधल्या बांधावरून पलीकडे पाहिलं तर माझ्या भावाचा झेंडू. सगळं रान पिवळंधमक. दसरा तोंडावर आलेला. झेंडूवाल्याचा वर्षाचा बाजार म्हणजे दसरा. दसऱ्याला विकला तर सोनं, दुसऱ्या दिवशी पालापाचोळा.

भाऊ समोर आला. मी काय बोलणार हे त्यानं ओळखलं होतं.

"ताई, दसरा होऊ दे. मग तूच काय, मी स्वतः पहार घालतो. पण आत्ता नको. या वर्षी पहिल्यांदा गाडी मळ्यात येणार हाय. गाडीवाल्याला सांगून ठेवलंय."

"आणि तोवर पाऊस आला तर?"

"आणि नाय आला तर?"

वहिनी बांधावर उभी होती. ती एवढंच म्हणाली, "तुमचं काय ठरवायचं ते ठरवा. माझं आता अर्धंच राह्यलंय."

मी वर पाहिलं. पेठच्या डोंगरांकडे आभाळ काळं झालेलं. मोबाइलवर जोरदार पावसाचा इशारा आलेला. ह्यांना फोन लावला तर म्हणाले, "मी काही बोलणार नाही. माझ्या सांगण्यानं एकदा झालं तेवढं पुरे." ग्रुपवर विचारलं, तर निम्म्या म्हणाल्या तोडा, निम्म्या म्हणाल्या तुझ्या नवऱ्यानं काय ते बघावं, आणि एकीनं पुलावरच्या आपल्या नावाचा फोटो काढून ठेवायला सांगितला. डोकं फिरलं माझं. चिखलातच उभी राहून विचार करत होते. खरं तर विचार कसला, पायाखाली निखारे असल्यासारखी नुसती इकडून तिकडे फिरत होते. शेवटी गावातला जेसीबीवाला बोलावला आणि म्हटलं, मधला स्लॅब फोड, खालचे पाइप काढ.

भाऊ आडवा आला नाही. त्यानं आरडाओरडाही केला नाही. पहिला दणका बसला तेव्हा तो मळ्याच्या बाजूला उभा होता, मी गावाच्या बाजूला. स्लॅबचा तुकडा खाली पडला, पाइप निखळले, तुंबलेलं पाणी भसकन निघालं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि झेंडूत निघून गेला.

त्या संध्याकाळी पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते काळं आभाळ पेठकडे रिकामं झालं आणि आमच्याकडे लख्ख ऊन पडलं. दसऱ्यापर्यंत एक थेंब नाही! मी रोज गॅलरीत जाऊन आभाळाकडे बघायची आणि मनात म्हणायची, ये ना मेल्या, ये ना. कुणाच्या तरी शेतावर पाऊस पडावा म्हणून मी देवाला साकडं घालत होते, इतकी मी वेडी झाले होते. तिकडे भावानं झेंडूचे क्रेट डोक्यावरून नाल्यातून अलीकडे आणले. माणसं मिळेनात. वहिनी मदतीला गेली, तर म्हणे त्यानं तिच्या डोक्यावरचा क्रेट काढून घेतला आणि बांधावर ठेवला. अर्धी फुलं बाजारात उशिरा पोचली. भाव उतरल्यावर.

दसरा झाला आणि मग पाऊस आला. चांगला धो धो आला. फोडलेल्या मोरीतून पाणी निघून गेलं, वहिनीचं उरलेलं शेत वाचलं. तिनं मला टोमॅटोची एक टोपली पाठवली. मी ती उघडलीच नाही, कामवाल्या बाईंना दिली. भावाचं म्हणणं खरं होतं, दसऱ्यापर्यंत थांबता आलं असतं. वहिनीचंही खरं होतं, थांबायचं कुणाच्या भरवशावर? दोघांचं खरं असलं की मधल्या माणसानं कुठे जायचं, ते कुणी सांगत नाही.

भाऊबीजेला मी ताट तयार करून बसले. निरांजन दोनदा लावलं. दुपारी त्याचा मोबाइलवर मेसेज आला, यंदा जमणार नाही. एवढाच. ह्यांनी ते वाचलं आणि चष्मा पुसत बसले. मग मीच दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन माहेरी गेले. भाऊ पडवीत पेपर वाचत होता. त्यानं मान वर केली आणि परत पेपरात घातली. भावजय दारात उभी होती. तिला बिचारीला आत या म्हणता येईना आणि जा म्हणता येईना. मी डबा पडवीच्या कठड्यावर ठेवला आणि उलट्या पावली गाडीत येऊन बसले.

त्यानंतर मला घरात चैन पडेना. टीव्ही लावायची, बंद करायची. ह्यांची भाषणं थांबली नव्हती, पण पुलाचा किस्सा त्यातून गेला होता. सभामंडपवाल्यांना नाही म्हणताना आवाजही जरा खाली आला होता. एका सकाळी मी अंगावरची घरातली साडी बदलली, हॉलमध्ये गेले आणि एका रिकाम्या खुर्चीवर बसले. शेजारचे आजोबा दचकून उठले, "वहिनीसाहेब, तुम्ही?" म्हटलं, "बसा हो. तुमच्यानंतर माझा नंबर."

नंबर आला तेव्हा हे म्हणाले, "अगं, हे काय?"

"अहो-जाहो करा. मी काम घेऊन आलेय."

लोक हसले. हेही हसले. "बरं, बोला."

"नाल्यावर पूल हवाय. खालच्या अंगाला, माणसं रोज जातात तिथे. इंजिनिअरनं बघून, पाण्याला वाट ठेवून. आणि बांधायच्या आधी दोन्ही काठांच्या लोकांना विचारून, त्यात सुनासुद्धा आल्या. एवढा पूल वर्गणीत होत नाही, ते आम्ही करून पाहिलंय."

"गाव कोणतं?"

जसं काही ठाऊकच नाही! मी गावाचं नाव सांगितलं.

"ते माझ्या बायकोचं माहेर आहे," हे म्हणाले. "तिथे मला देता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

लोक पुन्हा हसले. कुणीतरी मागून म्हणालं, साहेब, घरात जेवण मिळायचं नाही आज.

मी म्हटलं, "साहेब, ते आता तुमच्या बायकोचं माहेर राहिलेलं नाही. भाऊ बोलत नाही. भाऊबीजेला आला नाही. मी दारात गेले, तर बस म्हणाला नाही. आता तिथे तुमचं कुणी नाही. बाकीच्या गावांसारखं ते एक गाव आहे. द्या."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरचा कागद पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं. या एका सहीसाठी मी इतकी वर्षं त्यांच्याशी भांडत होते. ती होताना मला बघवेना, म्हणून मी उठून आत आले.